घरजावयाचं शेत

माझी शेळी म्हणजे नुसती अवदसा! सुटली ती थेट टेकडीवर पळाली, आणि मी मागे धापा टाकत... वर पोचले तर ती एका पोराच्या हातातली करवंदं खात होती.

"तुझी हाय का? मघापासून लूट चाललीय माझी."

"मग बस उपाशी!"

तो हसला आणि उरलेली करवंदं माझ्यापुढे धरली. नाव जिवल्या, पलीकडच्या पाड्यावरचा. मग बोट फिरवत त्यानं सगळा मुलूखच दाखवला — मावळतीला बोईसरच्या कारखान्यांचा धूर, इकडे मनोरची वाट, मधे सागाचं रान, रानात दोन तळी.

"न् ती नदीकाठची खाचरं कोणाची?" त्यानं विचारलं.

"माझ्या बाची. का, राखण करणार?"

"राखण नाय... राबायला येन."

माझे कान तापले. आमच्यात ज्याच्याकडे पोरीच्या बापाला देज द्यायला काही नसतं, तो पोरगा घरजावई होऊन सासऱ्याच्या शेतात राबतो. तेच त्याचं देज.

त्या उन्हाळ्यात माझ्या शेळीला रोज टेकडीवरच चरायचं असायचं. मी तरी काय करणार!

दिवाळी झाली की जिवल्या मागणी घालायला येणार होता. त्याआधी धरणाची माणसं आली. आमचा पाडा, खाचरं, दोन्ही तळी, सगळं पाण्याखाली जाणार. बदल्यात बेटेगावच्या बाजूला घरापुरती जागा. तरी जिवल्या आला. बा त्याच्याकडे बघेचना.

"शेतच नाय उरत, पोरा. तुला राबवू कुठं? जा तू..."

मी चुलीपुढे बसून रडले. धुराचं निमित्त होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जिवल्या आमच्या छपरावर, कौलं उतरवतोय!

"कोणी सांगितलं तुला?" बा ओरडला.

"घर न्यायचं हाय ना, मामा?"

थंडीभर जिवल्यानं कौलं, वासे, जातं, दारं खांद्यावरून सडकेपर्यंत वाहिली. मी पाणी द्यायला गेले की मान वळवायचा.

"बोलू नको गं... देज फेडतोय."

शेवटी मधला खांब उरला. तो उपटला तेव्हा बा लहान पोरासारखा रडला.

"नव्या जागी हा उभा कोण करील?"

"मीच की, मामा."

"मग... तिथंच रहा."

पावसाळ्यात आम्ही नवरा-बायको त्या टेकडीवर गेलो. खाली नुसतं गढूळ पाणी. सागाचे शेंडे तेवढे वर होते. जिवल्यानं बोट उचललं आणि ते तसंच राहिलं.

"दाखव ना," मी म्हटलं.

"काय दाखवू, लाडके?"

मी त्याचं बोट धरून पाण्यावर नेलं. "ती बघ... माझ्या बाची खाचरं."

त्याचे डोळे भरून आले.

"लई राबलो असतो गं."