टायरच्या गोदामाचं छत

दार लोटून घ्या रे आधी. आणि मध्येच कुणी फिदीफिदी हसलं, तर गोष्ट तिथंच बंद. घडलेली आहे, थट्टा नाही.

आमच्या ओळखीत एक पत्रेवाला मिस्त्री होता. हाताला सफाई, तोंडाला लगाम नाही. डिसेंबरची एकोणीस तारीख, शनिवारची रात्र. टायरच्या गोदामाचा मालक त्याच्या दारात आला. म्हणे, थंडी पडली की छत वाजतं. वॉचमन काम सोडून पळाला.

"अहो, थंडीनं पत्रा आखडतो, वाजणारच," मिस्त्री म्हणाला. "सकाळी उठताना तुमचे गुडघे वाजत नाहीत?"

पण वाजणारा पत्रा सापडायचा तर रात्रीच. मदतीला त्यानं मेहुण्याला घेतलं, बायकोच्या धाकट्या भावाला. बायको दारापर्यंत आली. "त्याला वर चढवू नका हं. एकुलता एक भाऊ आहे माझा."

"नाही चढवत, बाईसाहेब. जमिनीवरच ठेवतो."

शब्द पाळला त्यानं. गोदामाला बाहेरून स्वतः शिडी लावली.

"दाजी, जपून. पडलात तर ताई मला सोलून काढेल," म्हणत मेहुणा बॅटरी घेऊन आत गेला.

त्यांची कामाची रीत ठरलेली. जिथं आवाज येईल तिथं खालच्यानं लांब बांबूनं पत्र्याला ठोका द्यायचा. वरच्यानं स्क्रू आवळून हातोडा मारायचा. म्हणजे, झालं, पुढचा दाखव.

वर बोटं गारठलेली, पत्रा दवानं निसरडा. आतून ठोका आला. मिस्त्रीनं स्क्रू आवळला, हातोडा मारला. लगेच पुढचा ठोका. दणकून. पायाखालचा पत्रा उसळला.

"अरे, पत्रा फोडतोस का? भरून तुझा बाप देणार?"

खालून पुन्हा ठोकाच आला. पत्रा फुगला. मिस्त्री तापला. दात-ओठ खात त्यानंही हातोडा हाणला. खालून दणका. पुन्हा हातोडा. पुन्हा दणका. हातोडा. दणका. चेव चढला होता त्याला.

मग एक ठोका आला... मऊ. ओला.

मिस्त्रीचा हात हवेतच राहिला. तो कडेला सरकला, खाली वाकला. दारावरच्या दिव्याखाली बांबू होता... बाहेर. भिंतीला टेकवलेला. आत नेलाच नव्हता.

"अरे...?"



तो शिडीवरून उतरला कसला, कोसळलाच. आत बॅटरी जमिनीवर चालूच पडली होती. मेहुणा टायरांवर पडलेला. डोकं... जाऊ द्या. कपड्यांवरून ओळखला.

मिस्त्रीनं त्याला पोटाशी धरलं आणि गुरासारखा ओरडला, "मीच मारला रे! दर वेळी मीच पुढचा ठोका मागितला!" बायकोला तोंड कसं दाखवणार होता तो?

पोलीस उजाडल्यावर आले. छत दोन मजले उंच. आत ना शिडी, ना मचाण. त्यांनी खालून बॅटरी मारली. पत्र्याला ओळीनं खळगे पडलेले, डोक्याएवढे, वरच्या बाजूला उचललेले.

आणि दर खळग्यात त्या पोराचे केस चिकटलेले.