सड्यावर ओ कुणी दिली?

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या नात्यातली माणसंही हसली होती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ही माझ्या सख्ख्या काका-काकूंची हकिकत. दोघांकडून मी ती वेगवेगळी ऐकली. शेवटचा भाग तर माझ्यासमोर घडला.

साल १९५३. मार्चमधला रविवार. भर दुपार.

जागा, पन्हाळ्याच्या पलीकडचा एक सडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. झाड नाही, पाणी नाही. नुसता जांभा दगड, वाऱ्या-पावसानं कोरलेला. कुठं कमान, कुठं खांब.

नृसिंहकाका नुकतेच नोकरीतून निवृत्त झाले होते. असले दगड बघत हिंडायचा त्यांना नाद लागला होता. विमलाकाकू बरोबर जायच्या, पण कुरकुरत.

पायथ्याला उतरले तेव्हा गाडीवान आकाराम हसला.

"पावणं, दगडं बघाय एवढ्या लांब आलासा? आमच्या रानात ढीग हाय की! फुकट न्या!"

"बघा, त्यालाही कळतं," काकू म्हणाल्या.

वर गेल्यावर काका एका कमानीमागं वळले. "आलोच," म्हणाले.

आले नाहीत.

काकूंनी हाक मारली. "अहो..."

"ओ..." डावीकडून.

काकू तिकडं गेल्या. कुणी नव्हतं.

"अहो, कुठं आहात?"

"ओ..." आणखी पुढून. आवाज काकांचाच.

काकूंचं डोकं तापलं. "म्हातारपणी लपाछपी खेळताय? लाज नाही वाटत?"

"ओ..."

तोच सूर. तेवढाच लांब...

त्या तरातरा पुढं निघाल्या. पायाखालचा एक दगड निसटला, घरंगळत गेला. खाली पडल्याचा आवाज... आलाच नाही.

समोर कडा होता.

आणि कड्याच्या पलीकडून, जिथं नुसती हवा होती, तिथून...

"ओ..."

काकू मागं सरकल्या.

त्यांच्या पिढीतली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. फार तर उखाण्यात. एरवी 'अहो' एवढंच. पण 'अहो' हे काही एकाच माणसाचं नाव नाही. त्याला कुणीही ओ देईल. हे त्यांना तिथं, त्या कड्यावर कळलं.

भीतीपेक्षा संताप मोठा झाला. लग्न झाल्यापासून जे केलं नव्हतं, ते त्यांनी केलं. जीव तोडून ओरडल्या.

"नृसिंह!"

वारा थांबला.

"अगं, इथं आहे मी!" मागून, कमानीपासून.

काका कमानीच्या सावलीत बसून होते. घामानं भिजलेले. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली.

"ओ द्यायला काय झालं होतं?" काकू कडाडल्या. "मी मरत होते तिकडं!"

"कशी देऊ? मघापासून तुझ्या आवाजात कुणीतरी 'नृसिंह, नृसिंह' अशा हाका मारतंय. तू माझं नाव घेत नाहीस. म्हणून जागचा हललो नाही."

"मग आत्ता बरी दिलीत!"

"आत्ता तू 'अहो' म्हणालीस..."

"खोटं बोलू नका!"

"खोटं तू बोलतेस!"



घरी आल्यावर त्यांनी हाक मारणंच सोडलं. काही हवं असलं की उठून जायचं आणि समोर उभं राहून बोलायचं. नातेवाइकांची करमणूक झाली.

त्या दिवाळीत मी त्यांच्याकडं गेलो होतो. काका समोर वर्तमानपत्र वाचत होते. काकू माझ्याशेजारी तांदूळ निवडत होत्या. घरात चौथं माणूस नव्हतं.

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"अहो..."

आणि परसातून काकांचा.

"ओ..."

माझ्यासमोर दोघांचीही तोंडं मिटलेली होती.

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. नुसतं पान उलटलं.

काकूंनी सूप जमिनीवर आपटलं. तांदूळ घरभर उडाले.

"रोज हेच!" त्या माझ्यावर ओरडल्या, जणू मीच काही केलं होतं. "आमच्या घरात आम्ही मुके, आणि संसार ते करतात!"

मला आजही कुणी दुसऱ्या खोलीतून नुसतं 'अहो' म्हटलं, की मी ओ देत नाही.

बायकोला राग येतो. येऊ दे.