तळाचं पिवळं पान

तोर्गिनच्या कोटाच्या खिशात पत्त्यांचा कॅट सापडला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते.

कपशागाय या कझाख शहरातल्या कॅसिनोत जौरेश नव्या डीलरना पत्ते वाटायला शिकवायची; सगळे तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणत. मॅनेजर साबिरबेकने तिला जिन्यातच गाठलं.

"आपाय, तुमची लाडकी तोर्गिन चोर निघाली. चारही एक्क्यांवर नखाच्या खुणा आहेत. जागा एकच उरलीय, बाराला नाव कळवायचंय. तिचं नको. आणि ही गोष्ट बाहेर गेली, की दुसरीकडेही कुणी तिला दारात उभं करणार नाही."

जौरेशने कॅट हातात घेतला. तळाशी पिवळं प्लास्टिकचं पान होतं.

"कुणी पिसला का हा?"

"नाही. झडतीत निघाला तसा आहे. मी फक्त पंखा करून पाहिला."

तोर्गिन भिंतीला टेकून उभी होती. ओठ पांढरे पडलेले.

"पत्ते कधी हाताळलेस?" जौरेशने विचारलं.

"कधी, आपाय? तीन आठवडे तुम्ही नुसत्या पैजेच्या चकत्या मोजायला लावल्यात. पत्ते सोमवारपासून म्हणालात."

"हे पिवळं पान कशाला असतं?"

तोर्गिनने वाकून पाहिलं. "पाकिटाबरोबर येत असेल. जाहिरातीचं."

"कोट कुठे होता?"

"खुंटीवर. शेजारी पेरिजातचा."

त्या एका जागेसाठी दोघीच उरल्या होत्या. पेरिजात चहाच्या खोलीत होती.

"बसा, आपाय. वाईट झालं. गरीब गाय वाटायची." तिने अर्धा पेला दूधचहा ओतला, जौरेशच्या पुढ्यात टेबलावर ठेवला, हात मागे घेतले आणि तळवे क्षणभर उताणे केले.

"याआधी काय करायचीस?"

"अल्माटीत फुलं विकायची. पत्ते म्हणाल तर आमच्या घरात नावही काढायची सोय नाही."

जौरेश पेल्याकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

जौरेशची आई हिवाळ्यात गेली. तिची शेवटपर्यंत एकच कुरकुर होती, "चहा हातात दे गं. मी काय तुझं गिऱ्हाईक आहे?" जौरेशला तेव्हा राग यायचा. आता पेला कसाही दिला तरी घ्यायला घरात कुणी नव्हतं.

साडेअकराला तिने तिघांना टेबलाशी बसवलं.

"साबिरबेक, पिवळं पान तळाशी का लावतात?"

"तळाचा पत्ता गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून."

"तोर्गिनला ते जाहिरातीचं वाटलं. ज्याने एक्क्यांवर खुणा केल्या, त्याने काम झाल्यावर सवयीने पान तळाशी लावलं. तो हात नवशिक्याचा नाही."

"पान कुणीही लावेल," पेरिजात म्हणाली.

"आणि चहा? कझाख घरातली पोर पाहुण्याला पेला हातात देते. तू पुढ्यात ठेवलास आणि तळवे दाखवलेस. डीलरने हातातून हातात काही द्यायचं नाही, हात मोकळे आहेत ते वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचं. हे मी बावीस वर्षं केलंय, पोरी. घरीसुद्धा. कुठल्या कॅसिनोत होतीस?"

पेरिजातने हात मांडीवर लपवले.

"बोराबायला. दोन वर्षं. अशाच खुणांपायी काढलं. अनुभवी माणसाची मागची चौकशी होते, नवशिकीची कोण करतो? म्हणून मुद्दाम चकत्या सांडत राहिले." तिने तोर्गिनकडे पाहिलं. "सांडता सांडता ही पुढे निघून गेली."

बाराला साबिरबेकने तोर्गिनचं नाव कळवलं. ती धावत जाऊन चहा घेऊन आली. पेला दोन्ही हातांत धरून तिने पुढे केला.

सोमवारपासून ही सवय मोडावी लागणार होती. मोडणारी जौरेशच. तिने पेला हातातून हातात घेतला. ऊन होता.

"घरी आई आहे?"

"आहे, आपाय."

"मग इथे मी काहीही शिकवलं, तरी तिला चहा असाच द्यायचा."