वन्संच्या आवाजापुरती जागा

लोकांचे श्वास कापणं हे माझं काम आहे. ऐकायला भयंकर वाटतं, पण त्यात काही नाही. अंधांसाठीच्या एका ग्रंथालयाची बोलती पुस्तकं मी घरी बसून साफ करते. वाचणारा प्रत्येक वाक्याआधी श्वास घेतो आणि हेडफोनमध्ये तो लोहाराच्या भात्यासारखा ऐकू येतो. तो कमी करायचा, खाकरणं काढायचं, खुर्चीची कुरकुर काढायची. हे मला कुणी शिकवलं नाही. मुलगी शिकायला परगावी गेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि मी त्याच्याशी रोज थोडी थोडी भांडत शिकले.

वाचायचं काम माझ्या नणंदेचं. ती आमच्याकडेच राहते. लग्न केलं नाही. ऐकून घेणारा भेटला नाही, असं कारण सांगते. लहानपणापासून घरात तिला रेडिओ म्हणतात. मी तिला वन्सं म्हणते, तेही चिडवायला. एरवी आमचं अगं-तुगं चालतं.

तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, जीव राहील. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यायचा. तारीख पुढे ढकलली तर मात्र जिवाचीही खात्री नाही.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "दादाची चैन आहे. बायको बोलते, बहीण बोलते, म्हणून रडायचा. निम्मा त्रास वाचला."

माझा नवरा रिक्षाबाहेर बघत राहिला.

तिला ऑपरेशनच्या आधी आपला आवाज साठवून ठेवायचा होता. पुरेशी वाक्यं दिली तर त्यांवरून यंत्र तयार करून देतात. आपण टाइप करायचं, ते आपल्या आवाजात बोलतं. शक्य तेवढं ध्वनिमुद्रण करून घ्यायचं आम्ही ठरवलं. पण कॉम्प्युटरची डिस्क भरलेली. तिचे दोन भाग होते, एक कामाचा आणि दुसरा बॅकअपचा. बॅकअप मी हल्ली बाहेरच्या डिस्कवर ठेवत होते. म्हणजे दुसरा भाग काढून टाकायचा आणि ती जागा कामाच्या भागाला जोडायची. सोपं होतं.

भाग काढला. पडद्यावर त्या जागी काळी पट्टी आली: अनअलोकेटेड. कुणाच्याच नावावर नसलेली. पण ती जोडायला जावं तर आज्ञा फिकट, दाबली जाईना. दोहोंच्या मध्ये एक चिंचोळा, बिननावाचा तुकडा होता. जागा लागून असल्याशिवाय जोडता येत नाही.

"वहिनी, झाली का जागा?" दारातून वन्सं.

"होतेय. तुझी वटवट मावायला गोदाम लागणार आहे."

"मग घे ना भाड्याने."

दोन-चार व्हिडिओ पाहून मी तो मधला तुकडाही उडवला. असले तुकडे कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठी राखलेले असतात असं त्यात सांगितलं होतं. आमचा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या पलीकडे गेलेला होता. पट्ट्या जुळल्या, काळ्याचा निळा रंग झाला. मी टाळीसुद्धा वाजवली.

फक्त हिशेब लागेना. जोडलेली जागा रिकामी असायला हवी होती. तिचा मोठा भाग भरलेला दिसत होता.

मी शोधलं. नाव नसलेलं एक फोल्डर होतं आणि त्यात आवाजाच्या फायली. पुसलेला मजकूर डिस्कवर रेंगाळतो, हे मला माहीत होतं. वाटलं, जुनंच काही वर आलं असेल. एक फाइल लावली.

वन्संचा आवाज होता. ती पुस्तक वाचत नव्हती. बोलत होती.

"अगं, तो निळा पडदा उलटा लावलायस." मग थोडी शांतता. "बघ की, शिवण बाहेर आलीय." पुन्हा शांतता, आणि हसणं.

आमच्याकडे निळा पडदा नव्हता. मी तिला विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला पडद्याशी बोलेन? एवढे वाईट दिवस नाही आले."

त्याच आठवड्यात नवरा सेलमधून पडदे घेऊन आला. मी लावायला स्टुलावर चढले. खालून वन्सं म्हणाली, "अगं, तो निळा पडदा उलटा लावलायस."

"सरळ आहे," मी म्हणाले.

"बघ की, शिवण बाहेर आलीय."

"तूच चढ मग वर," माझ्या तोंडून निघालं, आणि ती हसली. फाइलमध्ये मोकळी सोडलेली जागा माझ्या वाक्याला नेमकी पुरली होती. मी स्टुलावरून उतरले आणि तिला सगळं सांगितलं.

घाबरण्याऐवजी तिने दिवसभर हेडफोन सोडला नाही. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. चेहरा असा उजळलेला, की मला आधी तापच वाटला.

"वहिनी, हे ऐक." तिने फाइल लावली. तिचाच आवाज होता: "आलीस का गं? केवढी बारीक झालीस! बॅग माझ्या खोलीत ठेव."

"ही आपली पोर," ती म्हणाली. "ती येणार सुट्टीत. ऑपरेशन त्याच्या कितीतरी आधी आहे. म्हणजे तेव्हाही मी बोलतेय. मग कापू कशाला द्यायचा गळा?"

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस?"

"डॉक्टरांना पडदा माहीत होता?"

नवरा आधी चिडला, मग समजावू लागला, मग जेवण टाकून उठून गेला. वन्संने दुसऱ्या दिवशी फोन करून तारीख रद्द करायचं ठरवून टाकलं होतं.

सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी ती फाइल पुन्हा लावली. यावेळी अर्थाकडे लक्ष दिलं नाही. काम करताना ऐकते तशी ऐकली.

त्यात श्वास नव्हता.

पडद्याच्या फाइलमध्ये प्रत्येक वाक्याआधी तिचा तो ओळखीचा, नाकातून येणारा श्वास होता. इथे वाक्यामागून वाक्य येत होतं आणि मध्ये काही नव्हतं. कुणी कापला म्हणावं तर तसा जोड कुठे दिसेना. श्वास कापला की खोलीची बारीक घरघरही तुटते, आवाजाच्या लाटांच्या चित्रात खाच पडते. इथे घरघर अखंड होती. खोली होती, आवाज होता. श्वासच घेतला गेला नव्हता.

पुढच्या सगळ्या फायली तशाच होत्या.

मी तिला बसवलं आणि हेडफोन दिला. काही सांगितलं नाही. इतकी पुस्तकं वाचलेल्या बाईला स्वतःचा श्वास ओळखता येतो. तिने ऐकलं, पुन्हा ऐकलं. हेडफोन काढून नीट गुंडाळला.

"ही मी नाही," ती म्हणाली. "तारीख राहू दे आहे तीच."

ते फोल्डर मी पुसलं. मोकळी जागा वाढली नाही. त्यावर मी विचार केला नाही. उरलेल्या जागेत जेवढी वाक्यं मावली तेवढी आम्ही भरली.

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली. वन्सं घरी आली ती गळ्याला रुमाल बांधून आणि हातात पाटी घेऊन, कारण यंत्राचा आवाज तयार व्हायला वेळ होता. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "दादा, शांततेचे पैसे काढ." माझा नवरा न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा होता.

कॉम्प्युटर मी बंद करून, वायरी काढून, तिच्या खोलीतल्या कपाटात ठेवला.

मुलगी आली त्या दुपारी आम्ही दोघी दारातच उभ्या होतो. दोघींनाही ते वाक्य पाठ होतं. मुलगी जिना चढून वर आली. घरातून काहीच ऐकू आलं नाही.

मी सुटकेचा श्वास टाकला. वन्संने माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले.

मुलीने मला मिठी मारली आणि आम्हा दोघींच्या मधून बॅग ओढत आत गेली. आत्याशी एक शब्द बोलली नाही. पोर गोंधळली असेल, मी मनात म्हटलं. काय बोलावं ते सुचलं नसेल.

ती वन्संच्या खोलीत शिरली. बॅगेची चाकं थांबली.

"हो, आत्ताच," ती आतून म्हणाली.

थोडी शांतता.

"कुठे बारीक? उगाच."

शांतता. मग हसणं, मोठ्याने, पूर्वी आत्याशी हसायची तसं.

आम्हाला तिच्याशिवाय कुणाचा आवाज येत नव्हता.

"आई? ती दारात आहे. नाही गं, एकटीच."

वन्संने माझ्याकडे पाहिलं. मग हातातली पाटी उचलली आणि चौकटीवर जोरात आपटली. पुन्हा आपटली. पाटीचा कोपरा तुटून माझ्या पायापाशी पडला.

आतलं बोलणं थांबलं.

"काही नाही गं," मुलगी म्हणाली. "वाऱ्याने दार आपटतंय."