साडेपाचचा गजर

जळगावचा मे महिना म्हणजे काय सांगू! त्या दुपारी एका चिमणीनं नळाखालच्या डबक्यात पाय घातला आणि चटका बसून ती थेट सातपुड्यात जाऊन पडली. खोटं वाटत असेल तर चिमणीला विचारा. अशा उन्हात संघमित्रा तायडे जिन्याखालच्या टीचभर घड्याळाच्या दुकानापुढे उभी राहिली. तळहाताला घाम फुटला होता, पण तो उन्हाचा नव्हता.

“हे… होईल दुरुस्त?” तिनं रुमाल उघडला.

तरुण घड्याळजी हेमराजनं डोळ्याला भिंग लावून घड्याळ पाहिलं. मग भिंग न काढताच तिच्याकडे पाहिलं.

“भिंग काढा की आधी!”

“राहू द्या. मोडलं कोणी, ते यातून स्पष्ट दिसतं.”

“मी फक्त तारीख फिरवली हो! कट्ट वाजलं… आणि तबकडीवरचा चंद्रही अडकला.”

“तेव्हा काटे कुठे होते?”

“साडेदहावर बंद पडलं होतं. पण खरं तर दुपारचे दोन वाजले होते.”

“तुमच्याकडे दुपार. त्याच्या आत रात्रीचे साडेदहा. त्या वेळी तारखेचं चाक दातात दात अडकवून कामाला लागलेलं असतं. मध्येच ओढलं की दात मोडणारच.”

“मग घड्याळानं सांगायचं ना!”

“ते सांगत नाही, मोडून दाखवतं. काही माणसंही तशीच असतात.”

ती हसली, आणि लगेच तिचा चेहरा उतरला. घड्याळ बाबांचं होतं. पंडित तायडे, वरणगावच्या फॅक्टरीतले निवृत्त फिटर. एका परदेशी इंजिनिअरनं जाताना मनगटावरून काढून दिलेलं ते घड्याळ. बोधगयेला जाताना बाबांनी लेकीला बजावलं होतं, “रोज किल्ली दे, बाकी कशाले हात लावू नको.” तिनं किल्ली द्यायचं विसरून बाकी सगळं केलं! वैशाखी पौर्णिमेच्या पहाटे ते परतणार होते. दरवर्षी घड्याळातला पुरा चंद्र पाहूनच ते पांढरे कपडे घालून विहारात जायचे. आता हातात उरले होते चार दिवस.

रोज जळगावातली तिची लॅब सुटली की बरोबर साडेपाचला ती दुकानापुढे, आणि वरणगावच्या सव्वासहाच्या एसटीपर्यंत प्रश्नच प्रश्न.

“चंद्राच्या चाकाला एकोणसाठ दात. रोज एक सरकतो,” हेमराज दाखवायचा. “तबकडीवर चंद्र दोन. एक मिरवतो तेव्हा दुसरा आत लपून वाट बघतो.”

“बिचारा.”

“कोण, चंद्र?”

तिनं घड्याळाच्या कडेला बोट लावलं. “आणि ही दुसरी किल्ली?”

“गजराची. त्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, वेगळी. पण गजर जरा भोळा असतो, त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. काटा आला की वाजला.”

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती आली… आणि दुकान बंद! फोनही बंद. साडेपाच. पावणेसहा. बाबांचं घड्याळ गेलं, की घड्याळासोबत आणखीही काही गेलं? सहाला धुळीनं माखलेला हेमराज धावत आला.

“धुळ्याला गेलो होतो, माझ्या उस्तादांकडे, हिलालनानांकडे. त्यांच्या सुट्या भागांच्या डब्यात तसलं चाक सापडलं, तिथंच बसवलं. फोन वाटेत मेला.”

त्यानं घड्याळ तिच्या हाती दिलं. चंद्र आता मोकळा सरकत होता. तारीख बरोबर होती. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

“उद्यापासून…” तो अडखळला, “साडेपाचला इकडे काही काम नसेल ना तुम्हाला?”

“नाही,” ती म्हणाली आणि एसटीकडे धावली. ते ‘नाही’ ती वरणगावपर्यंत मनातल्या मनात खोडत राहिली.

पहाटे बाबा आले. आंघोळ करून त्यांनी घड्याळ घातलं. पुरा चंद्र पाहिला, कानाला लावलं, मान डोलावली. तिनं श्वास सोडला, आणि साडेपाचच्या ठोक्याला… टर्रर्रर्र!

“मित्रे! हे कोनं उघडलं?”

तिनं सगळं सांगून टाकलं. बाबांनी घड्याळ काढून उलटंपालटं करून पाहिलं.

“दात तू मोडला, त्यानं बसवला. ठीक. पन गजर तं वीस वर्सांपासून मेलेला होता. तू सांगितलं होतं का कराले?”

“नाही.”

“तीस वर्सं फिटर होतो मी. न सांगितलेलं काम मानूस एकाच कारनानं करते. साडेपाचाले काय राहते व तिथं?”

“बाबा… खीर उतू चाललीय.”

“चालू दे.”

त्याच संध्याकाळी, विहारातून परतल्यावर, पांढऱ्या साडीतली संघमित्रा आणि खिरीचा डबा घेतलेले बाबा दुकानापुढे उभे राहिले. हेमराजच्या हातून चिमटा पडला.

“गजर पहाटे वाजला,” ती म्हणाली.

“मी संध्याकाळचा लावला होता… तुम्हाला इकडची आठवण यावी म्हणून.”

“त्याला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. तुम्हीच शिकवलंत. कारागीर असून विसरलात?”

हेमराज भिंगामागून पुटपुटला, “साडेपाच दिवसातून दोनदा वाजतात, हे ध्यानातच राहिलं नाही. माझ्याकडे आता एकच साडेपाच असतात.”

संघमित्राला वाटलं, आतल्या साऱ्या चाकांचे दात एकदम जुळले. हळूच ती म्हणाली, “कालचं ‘नाही’ मी परत घेते.”

बाबांनी स्टूल ओढलं, डबा उघडला आणि ते खाकरले.

“पोरा, भिंग काढ आता. नीट पाह्य तिच्याकडे.”