देवाच्या दारात रुमाल

जिवंत रोबोला मेलेला कोण ठरवतं? ज्याला तपासायचा कंटाळा असतो तो.

चंद्रावरच्या वस्तीत त्या दिवशी तेच चाललं होतं. खोदकाम करणारा रोबो गोट्या बाहेर उभा होता आणि डोंगराची सावली त्याच्याकडे सरकत होती. चंद्रावर सावली म्हणजे भयंकर थंडी. तिच्यात गोट्याची बॅटरी कायमची मेली असती. यमी ‘परत ये’ असा हुकूम पाठवत होती आणि संगणक एकच उत्तर देत होता : ‘साधन व्यस्त आहे.’

“गेला रोबो कामातून,” इंजिनिअर शहाणेकाका म्हणाले. “फार तर संगणक बंद करून चालू करू.”

“बंद करून चालू! दुसरं येतं काय तुम्हाला?” वस्तीचे शास्त्रज्ञ, म्हणजे यमीचे दगडूआजोबा कडाडले. “तोवर सावली पोचेल! संगणक ‘मेला’ म्हणतोय का? ‘व्यस्त’ म्हणतोय. कोणीतरी जागा धरलीय. यमे, सुट्टीत पृथ्वीवर एसटीत काय पाहिलंस?”

“रिकाम्या सीटवर रुमाल. आणि रुमालवाला खाली चहा पीत.”

“तस्सं! आपला संगणक युनिक्सच्या (अनेकांना एकाच वेळी काम करू देणाऱ्या जुन्या, पक्क्या प्रणालीच्या) वळणाचा आहे. त्यात प्रत्येक टर्मिनल (संगणकाशी बोलायची खिडकी) आणि साधनांकडे जाणारी प्रत्येक तार, गोट्याच्या रेडिओचीसुद्धा, फाइलसारखी दिसते. त्या सगळ्या ‘देव’ नावाच्या फोल्डरात.”

“देव? गणपतीसारखा?”

“डिव्हाइसचं (साधनाचं) लाडाचं नाव गं! आधी ‘हू’ लिही. म्हणजे ‘कोण?’. कोण कुठल्या टर्मिनलवर आहे ते कळेल.”

दोनच नावं आली. यमी आणि आजोबा, आपापल्या टर्मिनलवर.

“गोट्याच्या तारेवर कोणीच नाही!”

“‘हू’ला नाव सांगून आत आलेली माणसं दिसतात, रुमाल दिसत नाही. आता ‘फ्यूजर’ लिही, पुढे त्या तारेचं नाव, आणि सविस्तर सांग म्हणावं. कोणत्या प्रोसेसनं (चालू असलेल्या कामानं) तार धरलीय, ते काम कोणाचं, सगळं सांगेल. सापडू दे तो गाढव!”

पडद्यावर एक नंबर उमटला. शेजारी नाव.

“आजोबा… गाढव तुम्हीच.”

सकाळी गोट्याचं तापमान बघायला आजोबांनी एक प्रोग्राम सुरू केला होता आणि तसाच सोडून ते नाश्त्याला गेले होते. शहाणेकाका खो खो हसले.

“हसा! पण सापडला की नाही?” आजोबा गुरगुरले.

यमीचा हात मात्र थबकला. “उचलू का रुमाल? तुमचं काही बुडणार नाही ना?”

“हे विचारलंस ते बेस! न बघता दुसऱ्याचा रुमाल फेकणारा माझ्याहून मोठा गाढव. आकडे जपून ठेवलेत. उचल.”

यमीनं त्या नंबराच्या कामाला ‘थांब’ सांगितलं आणि ‘फ्यूजर’ला पुन्हा विचारलं. काही आलं नाही. तार मोकळी!

‘परत ये.’

सावली मागच्या चाकाला शिवली, तेवढ्यात गोट्या धूळ उडवत वळला. पडद्यावर त्याचा निरोप आला : ‘येतोय. पुढच्या उन्हात जमिनीखालचा बर्फ शोधायचाय, विसरू नका. चार्जिंगची जागा धरून ठेवा.’

यमीनं आजोबांच्या खिशातून रुमाल काढला आणि चार्जरवर टाकला.