एकशे त्रेचाळीस नंबरची खुर्ची

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं.

लोक म्हणतात, भुतं रात्री येतात. हे भर दुपारी झालं. सतरा डिसेंबर, मंगळवार. जॉन्जू शहरातल्या विद्यापीठाचं ग्रंथालय, दुसऱ्या मजल्यावरची अभ्यासिका.

मावशीचं नाव बोक-निम. बाजारात तिचं मुळ्याच्या किमचीचं, म्हणजे आंबवलेल्या तिखट लोणच्याचं, दुकान. तोंडाने फटकळ, पण मुलाच्या बाबतीत मेणाहून मऊ. नवरा लवकर गेला, मागे एकुलता एक सॉक-जू. पदवी घेतल्यावर सहा वर्षं तो त्याच अभ्यासिकेत बसून सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होता.

रोज सकाळी हातात डबा देताना मावशी एकच सांगायची, "पास होईपर्यंत जागेवरून उठायचं नाही. कळलं?"

"हो, आई."

सहाव्यांदा नापास झाला, त्याच आठवड्यात तो झोपेत गेला. एकतिसाव्या वर्षी.

मृताला निरोप द्यायचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी उरकला आणि मावशीने त्याच्या पुस्तकांची सहा खोकी हातगाडीवर घालून ग्रंथालयात नेली. देणगी विभागातल्या प्यो साहेबांनी दोन-चार पुस्तकं चाळली.

"काकू, पानापानावर पेनाने लिहिलंय. अशी पुस्तकं आम्हाला घेता येत नाहीत."

"अहो, अक्षर तरी बघा! मोत्यासारखं आहे."

"आहे ना. म्हणूनच वाईट वाटतं." ते जरा थांबले. "तुम्ही खुर्ची का देत नाही? पन्नास लाख वॉन भरले की खुर्चीच्या पाठीवर नावाची पितळी पट्टी लागते."

"कायमची?"

"कायमची."

परत येताना मावशीने सहाही खोकी रद्दीवाल्याला दिली. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दुरुस्तीसाठी साठवलेले पैसे भरून आली. खुर्ची मात्र तिने अडून बसून तीच मागितली. त्याची नेहमीची, एकशे त्रेचाळीस.

'बान सॉक-जू यांची जागा. कायमची.'

"आता कोणी उठवणार नाही माझ्या पोराला," ती आम्हाला सांगायची.

दर मंगळवारी ती पट्टी पुसायला जायची.

त्या मंगळवारीही गेली. अभ्यासिकेच्या दाराशी जागा देणारं यंत्र आहे. कार्ड लावलं की चार तास जागा तुमची, वेळ संपण्याआधी वाढवला नाही तर दुसऱ्याची. रिकाम्या जागा हिरव्या दिसतात, भरलेल्या लाल.

एकशे त्रेचाळीस लाल होती.

कोणी विद्यार्थी बसला असेल, असं समजून ती पाय न वाजवता आत गेली.

खुर्ची रिकामी...

दप्तर नाही. कोट नाही. पाण्याची बाटलीसुद्धा नाही.

फक्त समोरच्या फळीवर दोन पिवळ्या चिठ्ठ्या. त्या अभ्यासिकेत कोणी कोणाशी बोलत नाही, तक्रार असली की चिठ्ठी लिहून चिकटवतात.

पहिलीवर लिहिलं होतं... 'दादा, पेन टकटक वाजवू नका, प्लीज.'

मावशीच्या अंगावर काटा आला. भीतीने नाही, आनंदाने! पेनाचं बटण टकटक दाबायची सवय सॉक-जूची. त्यापायी लहानपणी किती धपाटे खाल्ले होते त्याने.

"आहेस तर तू इथे, मेल्या," ती पुटपुटली.

शेजारच्या मुलीने कानातले बोळे काढले.

"काकू, ते तुमच्या ओळखीचे आहेत का? सांगा ना जरा त्यांना."

"तू पाहिलंस त्याला?"

"मध्ये फळी आहे ना. नुसता आवाज येतो. पण काकू..." मुलीने आवाज आणखी बारीक केला. "पान उलटल्याचा आवाज कधीच येत नाही. पुस्तकच आणत नाहीत वाटतं."

पुस्तकं तिनेच रद्दीत घातली होती.

मग तिने दुसरी चिठ्ठी वाचली.

'रडायचं असेल तर कृपया बाहेर जा. रोज ऐकवत नाही.'

आणि तेवढ्यात...

टक.

टक. टक.

रिकाम्या खुर्चीतून.

"ऊठ रे बाळा," मावशी खुर्चीची पाठ धरून म्हणाली. "खड्ड्यात गेली ती परीक्षा. घरी चल."

टक. टक. टक.

"आई सांगतेय ना, ऊठ!"

अख्ख्या अभ्यासिकेने माना वर केल्या. कोणीतरी "श्श" केलं.

तिने प्यो साहेबांना हाताला धरून आणलं. त्यांनी जागा कोणाच्या नावावर आहे ते संगणकावर पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काकू... हे सॉक-जूचं कार्ड तर मी स्वतः रद्द केलं होतं."

"पट्टी काढा. आत्ताच्या आत्ता."

"पण तुम्हीच तर कायमची..."

"चुकले मी! काढा!"

त्यांनी चारही स्क्रू काढले. खुर्चीसुद्धा तळघरात नेऊन ठेवली. एकशे त्रेचाळीससमोर नुसती फरशी उरली.

दोघं यंत्रापाशी येऊन उभे राहिले. जागा अजून लालच होती. उरलेला वेळ, एक मिनिट.

मावशीने पट्टी छातीशी धरली. "आता सुटेल तो. हो ना?"

प्यो साहेब पडद्याकडेच बघत राहिले.

मिनिट संपलं...

पडद्यावर अक्षरं आली. 'चार तास वाढवले.'

आतून आवाज आला. टक.

ती पट्टी आता मावशीच्या फडताळात आहे. दुकान बंद झालंय. रोज दुपारी ती त्या यंत्रापुढे जाऊन बसते, आणि वेळ संपत आला की आत जाऊन त्याला ऊठ म्हणते. प्यो साहेबांनी बदली करून घेतली. मी त्या इमारतीत एकदाही गेलेलो नाही, जायचं धाडसही नाही.

सहा वर्षं तिने त्याला रोज एकच गोष्ट सांगितली होती. सॉक-जू लहानपणापासून आईच्या शब्दाबाहेर नव्हता.

तो अजून उठलेला नाही.